चतुःसीमा

पूर्वेस ला म्पेहेची नारळबाग, तिच्यापलीकडे समुद्र.
पश्चिमेस गावरस्ता.
दक्षिणेस मशिदीचे काजू.
उत्तरेस ओहोळ, पावसाळ्यापुरता.

हा कागद मीच लिहिला होता,
लाम्बोको गावचा कारकून झालो त्या पहिल्या वर्षी.
क्षेत्र बाराशे चाळीस चौरस मीटर.
खाली वा सानारीच्या बापाचा अंगठा,
खोबरं सोलत आला होता, म्हणून तेलकट,
कडेने थोडा पसरलेला.

आधी ला म्पेहेचे माड गेले,
पूर्वेच्या वाऱ्याच्या एकाच मोसमात अकरा.
मग त्याची जागा गेली, मग तोही,
लेकीकडे, केंदारीला.
मग समुद्र सख्खा शेजारी झाला
आणि शेजारी जसा बांध कोरतो,
रात्री, वीत वीत, सकाळी काहीच न झाल्यासारखा,
तसा आत आला.

म्हातारा तरी दरवर्षी सारा भरायला यायचा.
पूर्ण बाराशे चाळीसचा.
अरे, अर्धं माशांनी घेतलंय, मी म्हणायचो.
मग माशांच्या वतीने भरतो, तो म्हणायचा.
पावती दे.

तो वारला. वाटणी निघाली.
बाउबाउहून मोजणीदार आला, बूट हातात,
मांडीभर पाण्यात उभा राहिला.
त्याच्या यंत्राने आकाशाला विचारून घेतलं
आणि जुन्या नकाशात तो कुठे उभा आहे ते सांगितलं:
चुलीवर.

ला हुसेनीला रस्त्याकडची बाजू,
त्याला बाटल्यांतून पेट्रोल विकायचंय.
ला बाकेला घर, खांबांवरचं, पत्रे नवे.
वा सानारी म्हणाली, मला बुडालेलं द्या.
भाऊ हसले.
ती हसत नव्हती, म्हणून थांबले.
मोजणीदार म्हणाला, बुडालेली जमीन कुणाचीच नसते,
म्हणजे सरकारची.
सरकारला सांगा, ओहोटीला या,
उंबरा दाखवते.

आता तिथे खुंट्या आहेत, दोऱ्या आहेत,
हुसेनीच्या फुटक्या डब्यांचे, रिकाम्या बाटल्यांचे तरंगे.
दोरीला शेवाळाचे झुबके बांधलेले.
पंचेचाळीस दिवसांनी कापायचं, जाळीवर वाळवायचं,
मकास्सारचा व्यापारी मूठ दाबून म्हणतो, ओलं आहे,
आणि किलोमागे आपलं काढून घेतो.
पहिल्या कापणीला तिने छत्री घेतली.
दुसऱ्या कापणीला रोगाने सगळं गेलं.
तिसरीला धाकट्या भावाने विचारलं,
त्या बाजूला माझाही थोडा हक्क नाही का?

टेकडीवरून पाहिलं तर त्या सगळ्या तरंग्यांत
एक गोल जागा मोकळी दिसते.
तिथे विहीर आहे, पोवळ्याच्या दगडांची, बापाने बांधलेली.
अजून जिवंत आहे. खाऱ्यातून गोडं वर येतं,
डोळ्यांना दिसत नाही, घोट्याला गार लागतं.
शेवाळाला ते सोसत नाही, पांढरं पडतं,
म्हणून तिथे दोरी नाही, ती सांगते.
खरंच आहे ते.
पण ओहोटीला मी तिला तिथे पाहिलंय,
वाकून ओंजळ भरताना,
थुंकताना,
पुन्हा भरताना.

नवा कागद पुढ्यात आहे.
पश्चिमेस ला हुसेनी, लिहिलं.
दक्षिणेस काजू अजून आहेत, तीन.
पूर्वेस म्हणून पेन टेकवलं आणि तिथेच शाईचा ठिपका मोठा होत गेला.
समुद्र हद्दीत लिहू की मालमत्तेत,
हे चाळीस वर्षांत कुणी मला शिकवलं नाही,
आणि वरच्या कचेरीला विचारलं तर
उत्तर यायच्या आत ओहोळही खारा होईल.

ती बाकावर बसलीय. पायांवर मिठाच्या रेघा.
साऱ्याचे पैसे आणलेत, सुटे, ओले, एकमेकांना चिकटलेले.
कितीचे? मी विचारतो.
कागदावर जितकं आहे तितक्याचे.

मी पंखा तिच्याकडे वळवतो.
नोटा टेबलावर एकेक करून मांडतो,
वर दौत, शिक्का, पेपरवेट, माझा चष्मा,
उडू नयेत म्हणून.